पेपर टाकलेत? लॅपटॉप परत करायच्या आधी वेमो-उबर केस बघून घ्या

नोटीस पिरियड चालूय आणि नवी कंपनी जुन्या कंपनीची कॉम्पिटिटर आहे, असं असेल तर हे तुमच्यासाठी.

आधी काय न्यायचं नाही ते. आपल्याला वाटतं चोरी म्हणजे सोर्स कोड नाहीतर डिझाइन, बाकी एक्सेल-बिक्सेल कोण विचारतंय. अँथनी लेवँडोव्स्की गूगलच्या ड्रायव्हरलेस गाडीच्या टीममधला बडा माणूस, ही टीम म्हणजेच पुढची वेमो कंपनी, तिचा आरोप असा की त्यानं डिसेंबर 2015 मध्ये 14,000 च्या वर फाइली, 9.7 जीबी, उतरवून घेतल्या आणि वर लॅपटॉपही फॉरमॅट मारला, जानेवारीत बाहेर पडून ओटो ही ड्रायव्हरलेस ट्रकची कंपनी काढली आणि ऑगस्ट 2016 मध्ये उबरनं ती घेतली. पण 2020 मध्ये त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला तो एकाच फाइलचा, टीमच्या वीकली अपडेटची! नोकरी सोडल्यावरही त्यानं ती उघडली होती. म्हणजे तुमचं स्टेटस शीट पण नाही न्यायचं.

पर्सनल जीमेलवर किंवा ड्राइव्हवर ऑफिसचं काही पडलं असेल तर गुपचूप डिलीट मारत बसू नका, मॅनेजर आणि आयटीला मेल टाका आणि ते सांगतील तसं करा. लॅपटॉप स्वतः फॉरमॅट करायचा नाही, नुसतं आपल्या घरचे फोटो काढून घ्यायचे असले तरी विचारून.

नॉन-कॉम्पीटचा, म्हणजे कॉम्पिटिटरकडे जायचं नाही या अटीचा, बाऊ करू नका. कॅलिफोर्नियात तो चालत नाही, आपल्याकडेही नोकरी सुटल्यानंतरचा नॉन-कॉम्पीट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेचा करार मात्र टिकतो, एचआर धमकी पहिल्याची देतं आणि केस दुसऱ्यावर होते.

आता मेन मुद्दा, नव्या बॉसचं "टेन्शन नको, आम्ही बघून घेऊ". उबरनं ओटोवाल्यांना असंच संरक्षण चक्क करारात लिहून दिलं होतं. मग फेब्रुवारी 2017 मध्ये वेमोनं केस टाकली, मे महिन्यात उबरनं लेवँडोव्स्कीला नोकरीवरून काढलं, फेब्रुवारी 2018 मध्ये ट्रायल चालू असताना 0.34 टक्के शेअर, साधारण 24.5 कोटी डॉलरचे, देऊन तडजोड केली आणि कंपन्या मोकळ्या. लेवँडोव्स्कीच्या डोक्यावर मात्र गूगलला द्यायचे 17.9 कोटी डॉलर, तेव्हा उबर पैसे भरायला तयार नव्हती, शेवटी दिवाळखोरीचा अर्ज, वर 18 महिन्यांची शिक्षा. ती ट्रम्पनी जानेवारी 2021 मध्ये माफ केली म्हणून सुटला, आपल्यामागे कोण आहे?

त्यामुळे इंटरव्ह्यूतच कुणी "तिकडे हे कसं करता, जरा दाखव ना" म्हणालं तर सरळ नाही म्हणा, आणि जॉइन झाल्यावर परत विचारलं तर उत्तर मेलवरच द्या. आपोआप गायब होणाऱ्या चॅटवर असलं काही बोलायचं नाही, उबरमध्ये तसले ॲप वापरतात हे बाहेर आलं तेव्हा जजसाहेबांनी ट्रायलच पुढे ढकलली होती.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर, आयडी कार्ड, पेनड्राइव्ह सगळं देऊन मिळाल्याचा मेल मागा, आणि तो पर्सनल आयडीवर पाठवायला सांगा, कारण ऑफिसचा मेल संध्याकाळी बंद होतो.