नसलेल्या मुलाची तालीम : 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' बसवताना

एडवर्ड अल्बीचं हे नाटक ऑक्टोबर १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या बिली रोझ थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. पात्रं चार, दिवाणखाना एक, वेळ रात्री दोनपासून पहाटेपर्यंतची. त्यामुळे कागदावर ते हौशी संस्थेला झेपेलसं वाटतं. तालमी सुरू झाल्या की पंधरा दिवसांत कळतं की नटांचे घसे बसलेत, पहिला अंक दुसऱ्यासारखाच वाटतोय आणि तिसऱ्या अंकाला चढायला जागाच उरलेली नाही. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते इथे आहे. शेवटाचं रहस्य पुढच्याच परिच्छेदात फुटणार आहे. नाटक वाचलं नसेल तर आधी ते वाचा.

न्यू इंग्लंडमधल्या एका लहान कॉलेजात जॉर्ज इतिहास शिकवतो. वय ४६. त्याची बायको मार्था ५२ची, कॉलेजच्या अध्यक्षाची मुलगी. जीवशास्त्राचा नवा प्राध्यापक निक आणि त्याची बायको हनी यांना ती मध्यरात्रीनंतर घरी बोलावते. जॉर्ज-मार्थाला एक मुलगा आहे, उद्या एकविसाचा होणार आहे, असं सगळे बोलत राहतात. तो कधी जन्मलाच नाही. दोघांनी मिळून तो रचलाय, एकाच नियमावर: त्याच्याबद्दल तिसऱ्या माणसापाशी बोलायचं नाही. त्या रात्री मार्था नियम मोडते आणि पहाटे जॉर्ज मुलाला 'मारतो'.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नटांनी रहस्य 'खेळणं'. मुलाचा विषय निघाला की मार्था डोळे चुकवते, जॉर्ज सूचक थांबतो आणि चाणाक्ष प्रेक्षक मध्यंतरातच उत्तर सांगून मोकळा होतो. दोघांसाठी मुलगा आहेच, हे धरून चाला. एकवीस वर्षं रोज बोललेली गोष्ट बोलताना कोणी अडखळत नाही. खेळायचा आहे तो नियम. कोण नियमाच्या किती जवळ गेलं, कोणी ओलांडला आणि दुसऱ्याला ते कधी कळलं, एवढंच. नकार हा भाव म्हणून चेहऱ्यावर आणता येत नाही, नियम पाळण्याची धडपड मात्र करून दाखवता येते.

मुलाची वही

पहिले आठ-दहा दिवस बसूनच वाचन करा. त्यातले दोन फक्त याला द्या. एक कोरी वही घ्या आणि संहितेत मुलाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथलं पान, बोलणारा, ऐकणारा आणि उल्लेखाने काय बदललं, हे लिहा. सुरुवात दार उघडायच्या आधीच होते: जॉर्ज मार्थाला बजावतो की तो विषय काढू नकोस. त्या क्षणी ही साधी नवरा-बायकोची कुरबुर वाटली पाहिजे. दुसरी नोंद रंगमंचावर घडतच नाही. मार्था हनीला बाथरूम दाखवायला वर नेते आणि तिथे सांगून टाकते. खाली आल्यावर हनी सहज बोलून जाते, तुम्हाला मुलगा आहे हे मला आत्ताच कळलं. जॉर्जसाठी सबंध नाटकाची किल्ली ही आहे. इथे नटाने दचकू नये, थिजावं. हनीला काही कळता कामा नये, प्रेक्षकांना फक्त एवढंच की हा माणूस आता वेगळ्या हिशेबाने बोलायला लागलाय.

पुढच्या नोंदी मौजेच्या आहेत. मुलाच्या डोळ्यांचा रंग कोणता, यावर दोघं भांडतात. जॉर्ज एकदा त्याचे केस निळे आणि डोळे सोनेरी करून टाकतो. हे हशाचं वाक्य आहे, ते तसंच जाऊ द्या, अधोरेखित करू नका. दुसऱ्या अंकात जॉर्ज निकला एका शाळकरी मुलाची गोष्ट सांगतो: त्याच्या हातून चुकून आई मेली, आणि पुढे गाडी चालवताना साळिंदर चुकवायला गेला त्यात बाप गेला. तिसऱ्या अंकात जॉर्जच्या 'मुलाचा' अपघातही साळिंदरामुळेच होतो. जॉर्जच्या नटाने ही दोन वर्णनं एकाच लयीत बोलायची तालीम करावी. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळख पटते, वेगळं काही सुचवावं लागत नाही.

वही भरली की मार्थाच्या नटीला एक घरचा अभ्यास द्या. तिसऱ्या अंकात ती मुलाचं बालपण सांगते, त्यात केळ्याची होडी आहे: सोललेलं केळं मधून कोरलेलं, त्यात खलाशी म्हणून हिरव्या द्राक्षांच्या दोन रांगा, कडेला टूथपिकने टोचलेल्या संत्र्याच्या फोडी, ढाली म्हणून. ती होडी तिने प्रत्यक्ष करावी. एक केळं, पंधराएक द्राक्षं, सहा फोडी. केळं मोडतं, द्राक्षं घरंगळतात, फोडीचा रस मनगटावर येतो, हात चिकट होतात. त्यानंतर तेच भाषण बोलायला लावा. नटी आवाज कापरा करायचं सोडते आणि हाताने आठवायला लागते. त्या भाषणाला रडं लागत नाही, तपशील लागतो. रडं ऐकणाऱ्याला आपोआप येतं.

आवाज

दुसरा मोठा घोटाळा आरडाओरड्याचा. संहितेत शिव्या आणि अपमान पहिल्या पानापासून आहेत, म्हणून नट पहिल्या पानापासून ओरडतात. पण ही जोडी वर्षानुवर्षं एकमेकांना असंच बोलत आलीय. त्यांना यात मजा येते, एकमेकांचा चांगला टोला त्यांना आवडतो. पहिल्या वीस मिनिटांत मार्था निदान तीनदा जॉर्जच्या बोलण्यावर मनापासून हसली पाहिजे. हे दोघं एकमेकांचे उत्तम प्रेक्षक आहेत, हे दिसलं नाही तर शेवट म्हणजे नुसती क्रूरता उरते.

उपाय दोन. प्रत्येक अंकात खऱ्या चढ्या आवाजाच्या जास्तीत जास्त तीन जागा दिग्दर्शकाने पेन्सिलने खुणा करून ठराव्यात, बाकी सगळं बोलण्याच्या पट्टीत. आणि आठवड्यातून एक पूर्ण तालीम कुजबुजत घ्या. शेजारी झोपलेत असं समजून. कुजबुजताना शब्दाची धार वापरावीच लागते, आणि कुठलं वाक्य नुसतं आवाजावर तगून होतं तेही उघडं पडतं. भूमिका किती दमवणाऱ्या आहेत याची कल्पना मूळ निर्मात्यांनाही होती. ब्रॉडवेवर दुपारच्या प्रयोगांसाठी वेगळा नटसंच होता. एकाच दिवशी दोन प्रयोग लावण्याच्या फंदात पडू नका.

जॉर्जला बायकोच्या ताटाखालचं मांजर करणं हाही नेहमीचा मोह. तो हरलेला माणूस आहे, दुबळा नाही. खेळांना नावं तोच देतो: यजमानाची फजिती, मग पाहुण्यांची शिकार, शेवटी बाळाचं संगोपन. खेळ चालवणारा तोच आहे हे दुसऱ्या अंकाच्या मध्यावर प्रेक्षकांच्या ध्यानात यायला हवं.

दारू

चौघं रात्रभर पितात, आणि दारू हे या नाटकाचं घड्याळ आहे. एक तक्ता करा: पान, कोण, काय, किती, कोणी ओतलं, ग्लास शेवटी कुठे राहिला. निकची बर्बन बर्फावर, हनीची ब्रँडी. ग्लास चार पुरत नाहीत. नट जागोजागी ठेवून जातात, म्हणून दहा-बारा लागतात, आणि प्रत्येक अंकानंतर ते उचलून धुणारा एक माणूस नेमावा लागतो.

रंगासाठी बिनसाखरेचा कोरा चहा: अर्धा लिटर पाण्याला एक चमचा चहापत्ती, दोन मिनिटं, गाळून पूर्ण गार. ब्रँडीसाठी थोडा गडद. सफरचंदाचा रस किंवा सरबत नको, घशात चिकटतं आणि लांब वाक्याला खाकरावं लागतं. एका वेळी ३० मिलीच ओता. बारा वेळा ग्लास भरला तर ३६० मिली होतात. हौसेने १५० मिली ओतलं तर तेच पावणेदोन लिटरच्या पुढे जातं, आणि तासभराच्या अंकात नटाला उठून जायची सोय नाही.

दारूचा अभिनय करताना झोकांड्या नकोत. प्यायलेला माणूस सरळ चालायचा आटोकाट प्रयत्न करतो, ग्लास जरा जास्त जपून ठेवतो. चौघांची चाल वेगळी: जॉर्ज-मार्था मुरलेले, निक ताठर होत जातो, हनी आधी लाडात येते मग आजारी पडते. तिसऱ्या अंकात हनी ब्रँडीच्या बाटलीचं लेबल सोलत असते. कारखान्याचं लेबल सुटत नाही. ते आधी भिजवून काढा, मैद्याच्या खळीने परत लावा आणि एक कोपरा मोकळा ठेवा.

धोक्याच्या वस्तू

पहिल्या अंकात जॉर्ज मागून येऊन मार्थावर बंदूक रोखतो, चाप ओढतो आणि नळीतून लाल-पिवळी चिनी छत्री उघडते. ही वस्तू पहिल्या उभ्या तालमीपासून हातात हवी, रंगीत तालमीला आणलेली छत्री हमखास अडकते. बटणाने उघडणाऱ्या छत्रीची स्प्रिंग वापरा, खऱ्या बंदुकीचा कोणताही भाग वापरू नका. नाहीच उघडली तर जॉर्जने ती हाताने उघडायची आणि पुढचं वाक्य घ्यायचं. हाही पर्याय तालमीत दोन-चारदा करून ठेवा.

बाटली फोडण्याच्या जागी खरी काच नको. रंगमंचासाठी ठिसूळ नकली बाटली मिळते, नाहीतर बारच्या मागे फळ्यांनी बंद केलेल्या खोक्यात फोडा. मार्था पुढे अनवाणी असणार असेल तर खोका हाच मार्ग. गळा धरण्याच्या जागी जॉर्जचे हात मार्थाच्या कॉलरबोनवर टेकतात, घशावर नाही. धडपड सगळी मार्थाची नटी चालवते, जॉर्ज तिच्या मागे जातो. ती थांबली की सगळं थांबतं. हे रोज तालमीआधी सावकाश, नंतर वेगात, एकेकदा करायचं. तिसऱ्या अंकात जॉर्ज फुलं भाल्यासारखी फेकतो. कापडी फुलांना तार असते, ती काढून दांड्याला कागद गुंडाळा.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी जॉर्ज एकटा पुस्तक वाचत बसतो, आत स्वयंपाकघरात मार्था आणि निक. तो पुस्तक भिरकावतो, ते दाराच्या घंटांवर आदळतं, आवाजाने हनी येते आणि विचारते, कोण आलं? तिथे जॉर्जला मुलगा मेल्याची तार आली असं सांगायचं सुचतं. टांगलेल्या धातूच्या नळ्या खऱ्याच हव्यात, रेकॉर्ड केलेला आवाज इथे ढोंगी वाटतो. पुस्तक हलकं, पण पुठ्ठ्याच्या बांधणीचं, अंतर दोन-अडीच मीटर, आणि विंगेत दुसरा संच घेऊन माणूस उभा. नेम चुकला तरी घंटा वाजलीच पाहिजे, कारण पुढचा अख्खा अंक तिच्यावर उभा आहे. इथे जॉर्ज सूड घेतोय की सुटका करतोय, यावर तालमीत वाद होतील. एकच बाजू ठरवून टाकू नका. हनीला बातमी सांगताना त्याला क्रूर आनंद होतोय आणि धडकीही भरलीय. दोन्ही एकाच वाक्यात बसतं.

लॅटिन

मुलाचं बालपण मार्था सांगत असताना जॉर्ज मृतांसाठीच्या मिसेतली (कॅथलिक प्रार्थनाविधीतली) लॅटिन वचनं म्हणतो, आणि काही जागी दोघं एकाच वेळी बोलतात. आधी वेगवेगळं पाठ करा, मग टाळीच्या ठेक्यावर एकत्र, मग ठेका काढा. उच्चार चर्चमधले हवेत. वसईत किंवा गोव्यात जुन्या पिढीतले धर्मगुरू अजून अचूक सांगतात, कारण १९६०च्या दशकापर्यंत मिसा लॅटिनमध्येच होती. मराठी प्रयोगात या जागी संस्कृत मंत्र घालायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. मोडीत काढा. हे घर अमेरिकेतलं, तिथे गरुडपुराण उपरं वाटेल.

निकला कळण्याची जागा लहान आहे. 'मला समजलं' असं तो म्हणतो, ते प्रेक्षकांकडे बघून म्हणू नये. हनीकडेही लक्ष असू द्या. तिचं खोटं गरोदरपण आणि मुलं होण्याची भीती दुसऱ्या अंकात बाहेर आलीय, त्यामुळे जॉर्जने तार खाऊन टाकली याला ती देते ती साक्ष गंमत म्हणून जाऊ नये.

पाहुणे गेल्यावर शेवटची वाक्यं दोन-दोन, तीन-तीन शब्दांची आहेत. नट इथे लांब पॉज भरतात आणि प्रयोग आठ-दहा मिनिटांनी लांबतो. प्रत्येक वाक्यानंतर एकच श्वास, बस. शीर्षकाचं गाणं मूळ प्रयोगात हक्कांच्या अडचणीमुळे 'मलबेरी बुश' या बालगीताच्या चालीवर म्हटलं गेलं. तीच चाल ठेवा, डिस्नेच्या 'बिग बॅड वुल्फ' गाण्याची वापरू नका.

प्रयोगाचे आणि भाषांतराचे हक्क आधी लेखी घ्या. अल्बी गेला २०१६मध्ये, हक्क जिवंत आहेत. संहितेच्या जुन्या आणि सुधारित आवृत्त्या दोन्ही फिरतात, तेव्हा सगळ्यांच्या हातात एकच असल्याची खात्री करा. नाटक दोन मध्यंतरांसह तीन तासांच्या पुढे जातं. नाट्यगृहाच्या एका सत्रात नेपथ्य लावणं-उतरवणं धरून ते बसत नाही, तेव्हा एकतर सलग दोन सत्रं घ्या किंवा नेपथ्य आदल्या रात्री लावू देणारं सभागृह शोधा. विनापरवानगी कापाकापी करून वेळ वाचवू नका. आधी कात्री लागते ती साळिंदराच्या गोष्टीला, आणि मग तिसऱ्या अंकातल्या अपघाताला आधार राहत नाही.