सिम्युलेटरमधला कंट्रोलर उंचीवरून अडून बसला तर

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) बरोबर ३५,००० फूट आहेत, ऑटोपायलटने उंची धरली आहे, आकडा जागचा हलत नाही. तरी रेडिओवर हवाई वाहतूक कंट्रोलरचा आवाज येतो: डिसेंड अँड मेंटेन फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झिरो, म्हणजे ३५,००० फुटांवर उतरा आणि तिथेच राहा. तुम्ही रीडबॅक देता, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवता, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच तगादा. अशा वेळी हात लगेच उंचीच्या नॉबकडे जातो. तो आवरा. आधी फरक किती फुटांचा आहे ते मोजा. दोष कुठे आहे ते त्या आकड्यावरूनच कळतं.

मोजायला लिटल नॅवमॅप हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. सिम्युलेटरला जोडला की तो विमानाची दर्शवलेली उंची आणि प्रत्यक्ष उंची, दोन्ही दाखवतो. चढताना १०,००० फुटांवर एकदा आणि क्रूझला, म्हणजे प्रवासाच्या ठरलेल्या उंचीला, पोचल्यावर एकदा हे दोन्ही आकडे टिपून ठेवा. फरक दोन्हीकडे जवळपास सारखाच असेल तर गडबड दाबाच्या सेटिंगमध्ये आहे. उंचीबरोबर फरक वाढत गेला तर ते तापमानाचं काम. आणि दोन्ही आकडे जुळत असूनही कंट्रोलर पूर्ण हजारांनी वेगळी उंची सांगत असेल, म्हणजे २,००० किंवा ४,००० फूट, तर फ्लाइट प्लॅन तपासा.

दाबाची चूक सर्वात जास्त वेळा होते आणि सुधारायला सर्वात सोपी आहे. समजा क्यूएनएच, म्हणजे त्या जागेचा समुद्रसपाटीला धरलेला दाब, ९९८ हेक्टोपास्कल आहे आणि वर गेल्यावर १०१३ हा प्रमाण दाब लावायचं राहून गेलं. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट धरले तर १५ हेक्टोपास्कलचे सुमारे ४०० फूट होतात. अल्टिमीटर ३५,००० दाखवतोय, पण विमान फ्लाइट लेव्हल ३५० च्या चारशे फूट वर आहे. इथे कंट्रोलरचं म्हणणं खरं आहे. पाऱ्याच्या इंचांत काम करत असाल तर प्रमाण दाब २९.९२, आणि ०.०१ इंचाला साधारण १० फूट.

दाब कधी बदलायचा हे कंट्रोलरच्या शब्दांवरून ओळखा. तो ‘फ्लाइट लेव्हल’ म्हणाला की १०१३, नुसते फूट म्हणाला की क्यूएनएच. अमेरिकेत ही हद्द १८,००० फुटांवर आहे. युरोपात ती बरीच खाली असते आणि जागोजाग बदलते. सिम्युलेटरमधला कंट्रोलर मात्र बहुतेक वेळा सगळीकडे अमेरिकी हिशेबच लावतो. म्हणून युरोपच्या चार्टवर ही हद्द ५,००० लिहिलेली असली, तरी या कंट्रोलरबरोबर उडताना त्याचाच शब्द धरा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बी ही कळ दाब लावून देते, पण दाबल्यावर आकडा डोळ्यांनी पाहा. दुसऱ्या वैमानिकाचा आणि स्टँडबाय अल्टिमीटर काही विमानांत वेगळे लावावे लागतात.

तापमानाचं प्रकरण जास्त चकवणारं आहे, कारण त्यात तुमची काहीच चूक नसते. अल्टिमीटर मुळात दाब मोजतो आणि हवा प्रमाण तापमानाची आहे असं गृहीत धरून त्याचे फूट करतो. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस आणि पुढे दर हजार फुटांना सुमारे २ अंश घट, हे ते प्रमाण. हवा त्याहून गरम असली की ती फुगते, दाबाचे थर वर सरकतात आणि विमान दाखवलेल्या आकड्याहून खरोखर वर असतं. ढोबळ हिशेब असा: दर १० अंशांच्या फरकाला उंचीच्या ४ टक्के. म्हणजे ३५,००० फुटांवर हवा १० अंशांनी गरम असेल तर १,४०० फूट. थंड हवेत हेच उलट होतं आणि कंट्रोलर ‘वर चढा’ म्हणत राहतो.

प्रत्यक्षात यावरून भांडण होत नाही. विमानाची माहिती कंट्रोलरच्या रडारला पाठवणारा ट्रान्सपाँडर नेहमी १०१३ च्या हिशेबाने उंची पाठवतो, त्यामुळे सगळी विमानं एकाच मापाने वर-खाली सरकतात. सिम्युलेटरचा कंट्रोलर दाबाची उंची सोडून भौमितिक, म्हणजे प्रत्यक्ष, उंची पाहू लागला की गाडं अडतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये थेट हवामान चालू असताना हा घोळ ठळकपणे दिसला.

खात्री करायची असेल तर कॉकपिटमधलं बाहेरचं तापमान पाहा, पण टीएटी (वेगामुळे तापलेल्या हवेचं तापमान) नव्हे, एसएटी (स्थिर हवेचं खरं तापमान). जेटच्या वेगाला टीएटी पंचवीस-तीस अंश जास्त दाखवतं. फ्लाइट लेव्हल ३५० ला प्रमाण तापमान सुमारे उणे ५४. एसएटी उणे ४४ असेल तर हिशेब जुळला. दुसरी चाचणी अगदी निर्णायक आहे: हवामानाच्या पॅनेलमध्ये थेट हवामान बंद करा, समुद्रसपाटीचं तापमान १५ अंश आणि दाब १०१३ ठेवा. कंट्रोलर गप्प झाला की दोषी सापडला.

यावर पहिला उपाय सिम्युलेटर अद्ययावत करणं. तरीही त्रास राहिला तर थेट हवामान सोडा किंवा खालून उडा. ६,००० फुटांवर तेच १० अंश जेमतेम २४० फुटांचा फरक करतात, आणि तेवढ्यावर कंट्रोलर सहसा बोलत नाही. तक्रार थांबावी म्हणून ३३,६०० फुटांवर उतरून उडण्याचा मार्ग चालतो खरा, पण तो फक्त क्रूझपुरता आणि ऑफलाइन असतानाच. व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर माणसं कंट्रोल करतात, तिथे हे अजिबात करू नका. दाबाचा नॉब खोटा फिरवून आकडा जुळवणं तर कुठेच नको. १,४०० फुटांसाठी पन्नासेक हेक्टोपास्कल सरकवावे लागतात, आणि उतरताना ते परत आणायचं राहिलं तर विमान धावपट्टीआधीच जमिनीला भिडेल.

फ्लाइट प्लॅनमधला घोळ वेगळाच. एफएमसीत (विमानातल्या मार्ग-संगणकात) क्रूझ उंची बदलली तरी कंट्रोलरला ती कळत नाही. त्याच्याकडे प्लॅन भरतानाची उंची असते. फ्लाइट प्लॅनची पीएलएन फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ‘क्रूझिंगऑल्ट’ची ओळ दिसते. तिथे ३५००० असा स्वल्पविराम नसलेला आकडा हवा. दिशाही तपासा: ० ते १७९ अंशांना हजारांत विषम लेव्हल (जसं ३५,०००), १८० ते ३५९ ला सम. हवेत असाल तर एटीसीच्या (कंट्रोलरशी बोलण्याच्या) खिडकीतून उंची बदलून मागा. रेडिओ एआय सहवैमानिकाकडे दिला असेल तर तो तुमच्या नकळत नवी उंची मान्य करून बसतो, म्हणून आधी त्याच्याकडून रेडिओ काढून घ्या.

उतरताना कंट्रोलर वरच धरून ठेवतो, तेव्हा वाट पाहू नका. ३५,००० वरून ३,००० ला यायला ३२ गुणिले ३, म्हणजे ९६ नॉटिकल मैल लागतात. वेग कमी करायला आणखी १० धरा. ११० मैल उरले की खालची उंची मागा. दर मिनिटाचा उतार म्हणजे जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट: ४५० नॉटला २,२५० फूट. उलट तो डोंगराकडे उतरवत असेल तर चार्टवरची एमएसए (किमान सुरक्षित उंची) हीच शेवटची मर्यादा. तिच्या खाली जायला सांगितलं तर उंची धरून ठेवा, दुसरा अप्रोच मागा, नाहीच ऐकलं तर आयएफआर (उपकरणांच्या नियमांनी उडण्याची योजना) रद्द करा.

आयएलएसवर (रेडिओ संकेतांनी धावपट्टीवर उतरवणाऱ्या यंत्रणेवर) आल्यावर एक पडताळणी जरूर करा. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (उतरण्याच्या तिरक्या मार्गावर) धावपट्टीपासून ४ नॉटिकल मैलांवर तुम्ही तिच्या सुमारे १,३०० फूट वर असायला हवं. अल्टिमीटरमधून धावपट्टीची उंची वजा करून पाहा. पन्नास फूट इकडे-तिकडे तापमानाचे असू शकतात. दोनशे-तीनशेचा फरक दिसला तर १०१३ वरून क्यूएनएचवर यायचं राहिलंय.