एक्सेलमध्ये फोटो व्ह्यूअर बनवताय? मग या चुका टाळा

साड्यांचा कॅटलॉग असो, शाळेतल्या मुलांचे आयडी फोटो असोत नाहीतर साइटवरच्या कामाचे फोटो, डेटा एक्सेलमध्येच असतो आणि मग कोणीतरी म्हणतं की याच फाइलमध्ये पुढे-मागे बटण दाबून फोटोपण बघता आले तर बरं. व्हीबीएमध्ये (एक्सेलमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) हे पटकन होतं, एक युजरफॉर्म (आपण बनवलेली खिडकी) घ्या, त्यावर इमेज कंट्रोल (फोटो दाखवायची चौकट) आणि दोन बटणं टाका, लोडपिक्चर (फोटो उघडणारं फंक्शन) लिहा, झालं. म्हणजे आपल्या पीसीवर आपल्याच पाच फोटोंवर तरी झालं. खरी मजा दुसऱ्याने स्वतःचं फोल्डर जोडलं की सुरू होते.

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो, ती म्हणजे ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर आली तरी न थांबता पुढे जा असं सांगणारी ओळ). एखादा फोटो उघडत नाही, एररची खिडकी येते, ती नको म्हणून लोक ही ओळ वर टाकून मोकळे होतात. आता होतं काय, की फोटो लोड होत नाही म्हणून आधीचाच स्क्रीनवर राहतो पण खालचं नाव मात्र पुढचं येतं, म्हणजे १२ नंबरच्या साडीच्या नावावर ११ नंबरचा फोटो, आणि एरर नाही म्हटल्यावर कोणाला संशयपण येत नाही. त्यापेक्षा एररची खिडकी परवडली. फोटो दाखवायचं काम एकाच प्रोसिजरमध्ये (नाव दिलेला कोडचा तुकडा) ठेवा, तिला फक्त क्रमांक द्या. तिने आधी जुना फोटो पुसायचा (लोडपिक्चरला रिकामे अवतरण दिले की पुसला जातो), मग नवा लोड करायचा, तो आला तरच नाव लिहायचं, नाही आला तर तसं स्पष्ट लिहायचं. बटणांनी क्रमांक बदलून हिला हाक मारायची, बाकी काही नाही. पुढेच्या बटणात एक कोड आणि मागेच्या बटणात त्याचीच कॉपी असं केलंत की दोन महिन्यांनी एकीकडे दुरुस्ती होते आणि दुसरीकडे राहते.

आता एरर नंबर ४८१, इनव्हॅलिड पिक्चर. हा बहुतेक वेळा पीएनजीमुळे येतो कारण लोडपिक्चरला जेपीजी, बीएमपी, जिफ वगैरे कळतात, पीएनजी कळत नाही. फाइलचं एक्स्टेन्शन बदलून जेपीजी केलं तरी उपयोग शून्य, आतला माल तोच आहे. एकतर खरोखर कन्व्हर्ट करा किंवा विंडोजवर असाल तर डब्ल्यूआयए (विंडोजमधलीच फोटो हाताळायची सोय) वापरा: क्रिएटऑब्जेक्टने डब्ल्यूआयए डॉट इमेजफाइल बनवायचं, लोडफाइलला पूर्ण पाथ द्यायचा आणि फाइलडेटा डॉट पिक्चर हे इमेज कंट्रोलला सेट लावून द्यायचं.

मला विचाराल तर जेपीजीसाठीसुद्धा डब्ल्यूआयएच वापरा, कारण मोबाइलने उभे काढलेले फोटो लोडपिक्चरमध्ये आडवे दिसतात. फोन बहुतेकदा फोटो फिरवून सेव्ह करत नाही, फक्त एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती) नोंद करतो आणि लोडपिक्चर ती नोंद वाचतच नाही. डब्ल्यूआयएमध्ये २७४ नंबरची प्रॉपर्टी बघा. ६ असेल तर घड्याळाच्या दिशेने ९० अंश, ३ असेल तर १८०, ८ असेल तर २७० फिरवायचं, त्यासाठी इमेजप्रोसेसचा रोटेटफ्लिप फिल्टर आहे. फक्त ही प्रॉपर्टी प्रत्येक फोटोत नसते, म्हणून आधी एक्झिस्ट्सने तपासा. त्याच इमेजप्रोसेसमध्ये स्केल फिल्टरपण आहे तो लावाच, कारण ४०००×३००० चा फोटो डिस्कवर ४ एमबी दिसला तरी मेमरीत उघडल्यावर ३६ एमबीच्या आसपास जातो. स्पीडसाठी सगळे फोटो आधीच कलेक्शनमध्ये (मेमरीतली यादी) भरून ठेवायची आयडिया ३२ बिट ऑफिसवर तर करूच नका.

फाइलचं नाव मराठीत असेल, समजा पैठणी-हिरवी, तर डिर फंक्शन (फोल्डरमधल्या फाइलींची नावं देणारं) अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं परत देतं, मग त्या नावाची फाइल सापडणारच कशी. इथे फाइलसिस्टिमऑब्जेक्ट वापरा, त्याला युनिकोड, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपींची अक्षरं, चालतं. व्हीबीए एडिटरमध्ये मराठी मेसेज टाइप केला तरी प्रश्नचिन्हंच होतात आणि मेसेजबॉक्सपण तीच दाखवतो, म्हणून मराठी मजकूर शीटच्या सेलमध्ये ठेवा आणि तिथून फॉर्मवरच्या लेबलमध्ये घ्या. डिरचा अजून एक त्रास म्हणजे लूप चालू असताना दुसरी फाइल आहे का हे बघायला परत डिर वापरलं की पहिल्याची यादी विसरली जाते.

तसं बघितलं तर फोल्डर वाचून यादी करायचीच कशाला? फोल्डरवरून केली की १ नंतर १० येतो, ११ येतो, मग २, कारण तिथे आकडे नाही तर अक्षरं लावली जातात. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून घेतलेले फोटो बऱ्याचदा जेपीईजी एक्स्टेन्शनचे असतात, ते जेपीजीच्या फिल्टरमध्ये येतच नाहीत. त्यापेक्षा शीटमध्ये एका कॉलममध्ये पूर्ण फाइलनेम लिहा. क्रम तुमच्या हातात राहतो, आणि नाव व फोटो एकाच ओळीतून येतात.

शेवटच्या फोटोनंतर परत पहिला यावा म्हणून मॉड (भागाकाराची बाकी) वापरतात, पुढे जाताना ठीक आहे, मागे येताना व्हीबीएमध्ये उणे १ मॉड ५ चं उत्तर उणे १ च येतं, ४ नाही. त्यात कलेक्शन १ पासून मोजतं आणि स्प्लिटने केलेला अ‍ॅरे ० पासून. साधा इफ लिहा आणि फोटो एकही नसेल तर बटणं बंद करा.

फोटोचा फक्त एक भाग दिसतोय? इमेज कंट्रोलचा पिक्चरसाइझमोड क्लिपवर आहे, झूम करा.

पाथचा घोळ: धिसवर्कबुक डॉट पाथच्या (आपली एक्सेल फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता) शेवटी बॅकस्लॅश नसतो, तो आपण जोडायचा. फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथे ड्राइव्हचा पाथ न येता वेबचा पत्ता येऊ शकतो आणि मग तुमच्या पीसीवर चालणारं सगळं ऑफिसमध्ये बंद. फोल्डरचा पाथ सेलमध्ये लिहून ठेवायची सोय द्या.

बाणाच्या कीने फोटो पलटत नाहीत ही तक्रार हमखास येते. फॉर्मच्या कीडाउनमध्ये (की दाबली की चालणारी जागा) कोड असतो पण फोकस, म्हणजे कीबोर्ड ज्याला लागू होतो तो कंट्रोल, बटणावर असतो, त्यामुळे बाण दाबला की फोकस या बटणावरून त्या बटणावर उडतो एवढंच. बटणांच्या कीडाउनमध्येही तीच प्रोसिजर बोलवा (डावा ३७, उजवा ३९) आणि नंतर कीकोड शून्य करा.

स्लाइडशोसाठी स्लीप (काही वेळ कोड थांबवणारी आज्ञा) वापरलात तर एक्सेल गोठतं, ऑनटाइम (ठरलेल्या वेळी प्रोसिजर चालवणारं) वापरा, पण त्याची प्रोसिजर फॉर्ममध्ये नाही, साध्या मॉड्यूलमध्ये हवी. आणि ठरवलेली वेळ मॉड्यूलच्या वर व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा, कारण रद्द करताना शेड्यूल फॉल्ससोबत नेमकी तीच वेळ द्यावी लागते. रद्द न करता वर्कबुक बंद केलं आणि एक्सेल चालू राहिलं तर वेळ झाली की वर्कबुक आपोआप परत उघडतं, आणि समोरचा माणूस व्हायरस आला म्हणून फोन करतो.