मराठी स्क्रीन मराठीतूनच आखा

पुण्यात हिंजवडीत असो वा खराडीत, ॲप बनवणाऱ्या बहुतेक टीममध्ये क्रम ठरलेला असतो. आधी फिग्मात (स्क्रीन आखायच्या साधनात) इंग्रजी स्क्रीन, त्यावर क्लायंटची मंजुरी, आणि शेवटच्या आठवड्यात मराठी मजकुराची एक्सेल शीट. तोवर बटणांची रुंदी, ओळींची उंची, कोडमधली वाक्यांची जोडणी सगळं पक्कं झालेलं असतं आणि मराठीला उरेल त्या जागेत अंग चोरून बसावं लागतं. म्हणून पहिल्या पाच-सहा महत्त्वाच्या स्क्रीन आधी मराठीत आखा आणि इंग्रजी त्यावरून करा. मराठीला पुरलेली मांडणी इंग्रजीला सहसा पुरते. उलटं क्वचितच घडतं.

खाली उदाहरणासाठी शहर बसच्या तिकिटाचं एक ॲप धरलं आहे.

चौकटींच्या आधी शब्द

बटणांवरचे शब्द कागदावर लिहा आणि मोठ्याने वाचा. स्वारगेटला कोणी ‘तिकीट आरक्षित करा’ म्हणत नाही, ‘तिकीट काढा’ म्हणतात. ‘देयक अदा करा’ऐवजी ‘पैसे भरा’, ‘संकेतांक प्रविष्ट करा’ऐवजी ‘ओटीपी टाका’. ‘सबमिट’चं भाषांतर शोधत बसू नका, बटण दाबल्यावर काय होणार तेच लिहा: ‘अर्ज पाठवा’, ‘तक्रार नोंदवा’.

‘रद्द करा’ हा शब्द विशेष जपून वापरा. ‘तिकीट रद्द करायचं?’ या प्रश्नाखाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक’ अशी दोन बटणं आली, तर ‘रद्द करा’ म्हणजे तिकीट रद्द की हा प्रश्न रद्द? दाबणाऱ्याला कळत नाही, आणि चुकीचं बटण दाबलं की पैसे जातात. तिथे पूर्ण उत्तरं लिहा: ‘हो, तिकीट रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’. बटण लांब होईल. होऊ द्या, एकाखाली एक ठेवा.

‘पुणेला’ कसं टाळायचं

इंग्रजीत वाक्याचा साचा करून मध्ये गावाचं नाव भरता येतं. मराठीत नावाला प्रत्यय लागला की नावच बदलतं. डेव्हलपरने ‘(थांबा)ला पोहोचेल’ असा साचा केला की हडपसरला, कोथरूडला, स्वारगेटला सगळं ठीक दिसतं. चाचणीत हेच थांबे घेतले असतील तर चूक सापडतही नाही. मग एके दिवशी स्क्रीनवर ‘पुणेला’, ‘लोणावळाला’, ‘खडकवासलाला’ उमटतं. हवं असतं पुण्याला, लोणावळ्याला, खडकवासल्याला. वाचणाऱ्याला त्याच क्षणी कळतं की हे ॲप मराठी माणसाने तपासलेलं नाही.

यावर तीन मार्ग आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे वाक्यच न करणं: वर लहान अक्षरात ‘उतरायचा थांबा’, खाली ठळक ‘खडकवासला’. वाक्य हवंच असेल तर प्रत्ययाऐवजी ‘येथे’ घ्या: ‘खडकवासला येथे १०:४० ला पोहोचेल’. थोडं सरकारी वाटतं, पण व्याकरण शाबूत राहतं. तिसरा मार्ग मेहनतीचा आणि सगळ्यात चांगला: थांब्यांच्या यादीत आणखी एक रकाना करून त्यात प्रत्ययाआधीचं रूप भरून ठेवा (पुण्या, लोणावळ्या, मंडई, हडपसर). थांब्यांची यादी रोज बदलत नाही. मराठी नीट येणाऱ्या माणसाने एकदा बसून भरली की पुढे पुष्कळ दिवस पुरते.

लिंगाचंही असंच. ‘चालक आला’ की ‘आली’ हा प्रश्न आदरार्थी बहुवचनाने सुटतो: ‘चालक ५ मिनिटांत पोहोचतील’. वापरणाऱ्याला सगळीकडे ‘तुम्ही’; एका स्क्रीनवर ‘करा’ आणि दुसऱ्यावर ‘कर’ असं होता कामा नये. आणि संख्येसाठी दोन रूपं वेगळी मागून घ्या: १ तिकीट, २ तिकिटे.

अक्षरं

मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि स्क्रीनवर नीट वाचता येतात. इंग्रजी १६ पिक्सेलला असेल तर शेजारची देवनागरी १७ किंवा १८ ला घेऊन पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये तेव्हाच दोन्ही समान वाटतात. १४ च्या खाली जाऊ नका. ‘द्ध’ आणि ‘ष्ट्र’ यांच्या आतली पोकळी तिथे बुजायला लागते. याच कारणाने फार बारीक वजनाचा (म्हणजे जाडीचा) फॉन्टही नको; रेग्युलर किंवा मीडियम बरा.

ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, म्हणजे १६ पिक्सेलला साधारण २६. इंग्रजीसाठी ठेवलेली १.२ ची उंची बटणात किंवा टॅबमध्ये राहून गेली की वरचा रफार-अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जातो. ‘वर्षांत’, ‘राष्ट्रकूट’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘ऑर्डर’, ‘ॲप’ हे पाच शब्द प्रत्येक घटकात टाकून पाहा. यांत काही कापलं गेलं नाही तर पुढे सहसा जात नाही.

लेटर-स्पेसिंग शून्य. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इंग्रजी डिझाइन सिस्टिममध्ये (ॲपभर वापरायच्या ठरीव शैलींच्या संचात) लहान लेबलांना हे अंतर हमखास दिलेलं असतं. मराठीसाठी ती टेक्स्ट स्टाइल वेगळी करा. कॅपिटल अक्षरं मराठीत नाहीत, तिरपी अक्षरं शोभत नाहीत. म्हणजे ठळकपणा दाखवायला वजन, आकार आणि रंग एवढीच साधनं उरतात, आणि ती पुरतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे काढतात. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी रूप येतं. भाषा लिहिलीच नाही किंवा हिंदी राहिली तर ‘शाळा’ आणि ‘लातूर’ हिंदी वळणाने दिसतात. फॉन्ट पक्का करण्याआधी हे दोन शब्द ब्राउझरमध्ये आणि फोनवर तपासा. फिग्मात दिसलं म्हणजे ॲपमध्ये दिसेलच असं नाही.

क्लायंटचा मजकूर श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आला तर फिग्मात पेस्ट केल्यावर अगम्य चिन्हं दिसतील. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग अर्धी अक्षरं आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ डोळ्यांनी वाचून तपासा. रूपांतरात बिघडतात ती हीच.

फॉर्म आणि मोजणी

‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, संगणकाला ते १० खुणांचं, कारण काना, मात्रा, हलन्त हे सगळं तो वेगळं मोजतो. नावाला २० ची मर्यादा घातली की आडनाव अर्ध्यात अडतं. मर्यादा हवीच असेल तर इंग्रजीच्या अडीचपट धरा. प्रोफाइलच्या गोलात नावाचं आद्याक्षर दाखवताना कोड पहिली खूण उचलतो आणि ‘ज्ञा’च्या जागी ‘ज’ येतो. दोन खुणा उचलल्या तर पाय मोडलेला ‘ज्’. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या फोनवर अक्षरं वेगळी करण्याची तयार सुविधाही चुकू शकते, म्हणून जुन्या फोनवर ‘क्षितिजा’ आणि ‘ज्ञानेश्वर’ टाकून बघा.

नावाची तपासणी ‘फक्त देवनागरी’ अशी केली तरी कऱ्हाडे आणि गोऱ्हे अडकू शकतात. काही कीबोर्ड ‘ऱ्ह’ लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात आणि ते देवनागरीच्या गटाबाहेरचं असतं. स्वतःचंच आडनाव ‘चुकीचे’ ठरवणारं ॲप माणूस दुसऱ्यांदा उघडत नाही. ते चिन्ह चालू द्या.

मोबाइल नंबर कोणी देवनागरी आकड्यांत टाकला तर लाल चूक दाखवू नका, आतल्या आत बदलून घ्या. रक्कम दाखवताना १,००,००० असा लाखाचा स्वल्पविराम हवा. ब्राउझरच्या आकडे मांडण्याच्या सोयीला मराठी भाषा दिली की आकडे आपोआप देवनागरी होतात. इंग्रजी आकडे हवे असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. कोणतेही घ्या, पण भाडं देवनागरीत आणि वेळ इंग्रजीत असं एकाच स्क्रीनवर नको. थांब्यांची यादी वर्णानुक्रमे लावताना मराठीचा क्रम मागा, कारण आपल्या वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी येतात आणि खुणांच्या क्रमात तसं नसतं.

एसएमएसचा मजकूरही डिझायनरनेच लिहावा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० खुणा मावतात, मराठीत ७०. ‘तुमचा ओटीपी ४८२९१३ आहे. तो कोणालाही सांगू नका.’ हा मजकूर मोकळ्या जागा धरून ४६ चा, म्हणजे एका संदेशात बसतो. ७० ओलांडले की दोन संदेशांचे पैसे लागतात. शिवाय हा मजकूर आधी डीएलटीवर (कंपन्यांच्या एसएमएसची नोंदणी करणाऱ्या व्यवस्थेत) नोंदवावा लागतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तपासूनच द्या. नंतरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा नोंदणी.

बाहेर जाऊन तपासा

वातानुकूलित मीटिंग रूममध्ये फिकट करड्या अक्षरांची चूक दिसत नाही. पांढऱ्यावरच्या मजकुराचा काँट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१ ठेवा आणि दुपारी बारा ते दोनमध्ये मंडईत किंवा मार्केट यार्डात, उन्हात उभं राहून बघा. दाबायची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही त्या-त्या फोनची स्क्रीनवरची मापं). एका हातात पिशवी असलेल्या माणसाला याहून लहान बटण सापडत नाही.

पाच जण पुरेत, पण त्यात दोघे तरी पन्नाशीपुढचे असू द्या. फोन त्यांचाच घ्या, कारण त्यावर अक्षरं आधीच मोठी केलेली असतात आणि अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढतात. ‘हे आवडलं का?’ असं विचारू नका, चांगल्या मनाची माणसं ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात. काम सांगा: ‘मंडईहून कात्रजला जायचंय, तिकीट काढा.’ मग गप्प बसा. बोट कुठे थांबलं आणि कोणता शब्द त्यांनी दोनदा वाचला एवढंच लिहून घ्या. बटणाऐवजी त्यांनी तोंडाने जो शब्द उच्चारला तोही शेजारी लिहा. पुढच्या आवृत्तीत तो बटणावर घालून पुन्हा पाच जणांना दाखवा.