पडदा काळा, पण चित्र शाबूत: लॅपटॉपच्या बॅकलाइटचे निदान करताना या चुका टाळा

लॅपटॉपचा पडदा अचानक काळा पडला, की ‘डिस्प्ले गेला’ असे ठरवून नवे पॅनल मागवण्याची घाई होते. मालवण किंवा वेंगुर्ल्यात राहून मुंबईहून सुटे भाग मागवणाऱ्याला ही घाई फार महाग पडते, कारण कुरिअरने आलेले पॅनल बसवूनही पडदा काळाच राहिला, तर पैसे जातात आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही. मागच्या बॅकलाइटचा उजेड ती अडवते किंवा सोडते. म्हणून चित्रच तयार होत नाही, की चित्र आहे पण त्यामागचा उजेड गेला आहे, हे कळल्याशिवाय एकही स्क्रू काढू नये.

यासाठी खोलीत अंधार करावा, लॅपटॉप सुरू करून थोडा वेळ थांबावे आणि मोबाइलची टॉर्च पडद्याजवळ तिरकी धरून पाहावे. पुसट का होईना, चिन्हे किंवा अक्षरे दिसली, तर चित्र शाबूत असून दोष बॅकलाइटच्या बाजूला आहे. काहीच दिसले नाही, तर एचडीएमआयने टीव्ही जोडून पाहावा. मात्र टीव्हीवर चित्र आले म्हणजे बॅकलाइटच बिघडला, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. त्यातून ग्राफिक्सचा भाग चालू आहे एवढेच सिद्ध होते. ओलेड पडद्याचे ठिपके स्वतःच उजळतात, त्यामागे बॅकलाइट नसतोच, त्यामुळे तिथे टॉर्चची परीक्षा निरर्थक ठरते.

ब्राइटनेसची बटणे तपासण्याचा कंटाळा करू नये. झाकण मिटल्याचे ओळखणारा चुंबकी सेन्सरही अनेकांच्या लक्षात येत नाही. तो बिघडला किंवा जवळ चुंबकाचे मोबाइल कव्हर असले, तर झाकण बंद आहे असे समजून लॅपटॉप बॅकलाइट विझवतो.

झाकण हलवल्यावर उजेड येत-जात असेल, तर पॅनलपेक्षा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा संशय आधी घ्यावा, कारण झाकणाच्या रोजच्या उघडझापीत तिच्या बारीक तारा तुटतात. पडद्याच्या खालच्या कडेला उजेडाचे पट्टे दिसून मध्ये काळे भाग राहत असतील, तर मात्र एलईडीच्या पट्टीतील काही दिवे गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. साधारण 2010 पूर्वीच्या अनेक लॅपटॉपांत एलईडीऐवजी बारीक ट्यूब आणि तिला जास्त व्होल्टेज पुरवणारी छोटी पट्टी, म्हणजे इन्व्हर्टर, असतो. सुरू करताना पडदा लालसर दिसत असेल, तर ती ट्यूब थकलेली असते. अशा लॅपटॉपमध्ये चालू स्थितीत इन्व्हर्टरला हात लावू नये. तिथे शेकडो व्होल्टचा दाब असतो.

किनाऱ्यावर आणखी एक कारण वारंवार आढळते आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. खाऱ्या हवेतील क्षार कनेक्टरवर बसतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते ओलावा धरून ठेवतात आणि एकमेकींना खेटून असलेल्या पिनांमध्ये हिरवट-पांढरा थर साचतो. या थरातून वीज शेजारच्या पिनेकडे झिरपते. बॅकलाइट लुकलुकतो आणि शेवटी त्याचा फ्यूज उडतो. गंज न पाहता नवे पॅनल जोडले, तर तेही त्याच खराब केबलवर बिघडू शकते. भिंगातून कनेक्टरची दोन्ही टोके पाहावीत, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ती साफ करावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. पेट्रोल किंवा खोबरेल तेल वापरू नये. पिना खाल्ल्या गेल्या असतील, तर साफसफाईवर वेळ न घालवता केबल बदलणेच योग्य.

या कामात सर्वाधिक नुकसान बॅटरी न काढता केबल ओढल्याने होते. लॅपटॉप बंद असला, तरी बॅटरीचा पुरवठा मदरबोर्डवर शिल्लक असतो. केबल तिरकी निघाली, तर बॅकलाइटच्या जास्त व्होल्टेजची पिन चित्राच्या नाजूक पिनेला टेकू शकते. नशीब चांगले असेल तर केवळ फ्यूज जातो, नाहीतर प्रोसेसरपर्यंत इजा पोहोचते. म्हणून आधी चार्जर काढावा, मग बॅटरीचा कनेक्टर सोडवावा आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. फ्यूज मल्टिमीटरने तपासावा. तो उडालेला असेल, तर त्याच क्षमतेचा नवा बसवावा. त्याच्या जागी तार किंवा डाग देऊन काम भागवण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण पुढच्या शॉर्टसर्किटला मदरबोर्डवरील तांब्याची रेघ किंवा पॅनल बळी पडते.

पॅनल बदलायचेच ठरले, तर लॅपटॉपच्या नावावर ऑर्डर देऊ नये. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनले बसवलेली असतात. जुन्या पॅनलच्या पाठीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि कनेक्टर 30 पिनांचा आहे की 40 चा, हे पाहावे. पॅनलला चित्राचे सिग्नल पोहोचवण्याच्या जुन्या एलव्हीडीएस आणि नव्या ईडीपी पद्धतीचे 40 पिनांचे कनेक्टर दिसायला सारखे असले, तरी त्यांची जोडणी वेगळी असते आणि चुकीचे पॅनल जोडल्यास ते जळू शकते. नवे पॅनल चिकटवण्यापूर्वी जोडून सुरू करावे आणि झाकण सावकाश पुढेमागे करून प्रत्येक कोनात उजेड टिकतो का, ते पाहून मगच चौकट बसवावी.