खुडूक कोंबडी बसवायची तर

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. पोल्ट्रीत कोंबडाच नसतो. ज्या घरी कोंबडा फिरतो तिथली गावठी अंडी आणा. आठवड्याच्या आतली हवीत, फ्रीजमधली नकोत. धुवू तर अजिबात नका, कवचावरचा संरक्षक थर जातो.

खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुगवून टोचते. जुन्या बुट्टीत राख भुरभुरा, म्हणजे पिसवा कमी होतात. वर भाताचं पिंजर पसरा. अंधार पडल्यावर दहा-बारा अंडी तिच्या पोटाखाली सरकवा. लोभानं जास्त ठेवली की कडेची गार पडतात. दाणापाणी जवळच असू द्या. रोज एकदा ती थोडा वेळ उठते, परत येते, अंडी उलटायचं कामही तीच करते.

सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडावर अंडं धरा. लालसर शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. नुसताच पिवळा उजेड दिसला तर ते वांझ. अठराव्या दिवसापासून हात लावायचा नाही.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास कवचाला बारीक टवका उडतो, आतून चिवचिव येते आणि मग तासन्‌तास काहीच नाही. इथंच धीर सुटतो. मी एकदा नखानं कवच सोलायला गेलो. पापुद्र्यातून रक्त आलं, सकाळी पिल्लू थंड. पिल्लू आत गप्प असतं तेव्हा पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. त्याला अख्खा दिवसही लागतो. त्याच बलकावर बाहेर आल्यावरचा पहिला दिवस निभतो.

बाहेर आलेल्या पिल्लांना आधी कोमट गूळपाणी द्या; गुळाला कोल्हापुरात काय तोटा? ताटली उथळ घ्या, खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. मग मक्याचा बारीक भरडा किंवा कण्या. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात.

आई नसेल तर बल्ब लावा: पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, चोच वासून लांब पळाली तर उकडतंय. जुलैच्या झडीत बुट्टीला पोतं गुंडाळा, पण वारा खेळू द्या.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. बाटली शंभरेक पिल्लांची असते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. गल्लीतल्या चार घरांनी मिळून आणा, बर्फात घालून.