पक्षी धरणारा मोठा कोळी दिसला, तर तो ओळखायचा कसा?

पाऊस ओसरला की मेळघाट, नागझिरा, ताडोबाकडच्या गावांत पंजाएवढा काळा-पिवळा कोळी दिसू लागतो. मोबाइलवर त्याचा फोटो फिरतो, खाली लिहिलेलं असतं: पक्षी खातो, जहरी आहे. काठी उचलण्याआधी एवढं बघा.

१. आधी जाळं बघा, कोळी नंतर. पांदणीवर किंवा नाल्यावर दोन झाडांमध्ये ताणलेलं जाळं उन्हात जरा तिरपं होऊन न्याहाळा. धागे सोनेरी चमकले, तर निम्मी ओळख तिथेच पटली. जाळं मीटरभर रुंद असू शकतं. त्याचं केंद्र बरोबर मधोमध नसतं, वरच्या बाजूला सरकलेलं असतं आणि तिथे कोळीण डोकं खाली करून बसते.

२. मग अंग. लांबट काळसर पोटावर पिवळ्या उभ्या रेघा, पायांच्या सांध्यांजवळ पिवळा रंग. शरीर 3 ते 5 सेंमी, पाय धरले तर 20 सेंमीपर्यंत. ही मादी. नर जेमतेम 5-6 मिमीचा, तांबूस, त्याच जाळ्यात वावरतो. बघणाऱ्याला तो पिल्लूच वाटतो. चांदीच्या थेंबांसारखे चमकणारे बारीक कोळी मात्र वेगळ्या जातीचे, तिच्या शिकारीवर डल्ला मारणारे. एवढं जुळलं, तर ही जायंट वुड स्पायडर, म्हणजे नेफिला पिलिपेस.

३. जाळ्यात पांढरी नागमोडी फुली असेल तर तो सिग्नेचर स्पायडर. रात्री भिंतीवर झुरळामागे धावणारा चपटा कोळी म्हणजे हंट्समन. तो जाळं विणत नाही. झाडाच्या ढोलीतला जाड, केसाळ तो टॅरान्टुला. त्याच्यापासून हात दूरच ठेवा, चावा फार दुखतो.

४. आता पक्ष्याचं. नेफिलाचं रोजचं खाणं किडे, नाकतोडे, फुलपाखरं. जाळं मजबूत असल्याने क्वचित छोटा पक्षी अडकतो. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तिच्याच कुळातल्या कोळिणीने मुनिया धरल्याचे फोटो जगभर गाजले. पण जाळ्यात पक्षी लटकला म्हणजे शिकार झालीच असं नाही. तो रेशमात गुंडाळलाय का, कोळीण त्याला तोंड लावून बसलीय का, ते पाहा. कोळी घास तोडून गिळत नाही. पाचक रस सोडून विरघळलेलं शोषून घेतो. नावातच 'पक्षी खाणारा' असलेला गोलायथ हा मोठा टॅरान्टुला दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्याकडे नाही, आणि तिथेही त्याचं पोट बहुतेक गांडुळं-किड्यांवरच भरतं.

५. फोटो पाठीचा आणि पोटाचा, दोन्हीकडून काढा. मापासाठी शेजारी काडेपेटी धरा, बोट नको. नेफिला उगाच चावत नाही. दाबली गेली तर चावते. दुखतं, पण माणसाच्या जिवाला धोका नसतो.

पक्षी जिवंत असेल तर पंख ओढू नका. एका हाताने त्याला अलगद धरून भोवतालचे धागे काडीने तोडा, पिसांना चिकटलेलं रेशीम सावकाश सोडवा आणि मगच त्याला उडू द्या.